एकशे बावीसचा हिवाळा

जानेवारी संपत आला की जर्मनीतल्या आमच्या गेर्लिंगेनच्या सुपरमार्केटात क्वार्कचे अर्ध्या किलोचे डबे दाराजवळच रचलेले असतात. क्वार्क म्हणजे इथला चक्का. इथली मराठी घरं त्याचंच श्रीखंड करतात. तो ढीग दिसला की माझे हात आपोआप सहा डबे उचलतात. पुढच्या रांगेत गेल्यावर लक्षात येतं की आता घरी खाणारी माणसं दोन, आणि त्यातल्या एकाला क्वार्क आवडत नाही. मग पाच डबे परत ठेवायला मागे फिरायचं. तीन वर्षं झाली, दर जानेवारीत एकदा हे होतंच. आठवणी काढत बसणं माझ्या स्वभावात नाही, पण हातांना लागलेली सवय माझं ऐकत नाही.

तो हिवाळा आमच्या घरात आकड्यांचा होता. मुलगा मल्हार, वय एकोणीस, उंची एकशे चौऱ्याण्णव सेंटिमीटर, वजन एकशे नऊ किलो. उंची आली माझ्या नवऱ्याच्या, सतीशच्या, घराण्यातून. तिथले सगळे पुरुष दाराच्या चौकटीपासून डोकं वाचवत वाढले. मल्हार अमेरिकन फुटबॉल खेळायचा, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जातात तो. त्या नोव्हेंबरात क्लबने त्याला मुलांच्या संघातून पुरुषांच्या संघात घेतलं. पहिल्या वर्षाचा खेळाडू, त्यांच्या भाषेत रूकी. आणि जागा दिली डाव्या टॅकलची.

टॅकल काय करतो हे त्याने मला जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून समजावलं. जर्मनमधून, मराठी त्याला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. पाच वाट्यांची रांग, मागे एक पेला. पेला म्हणजे चेंडू फेकणारा. समोरचे धावत येणार ते त्या पेल्याला आडवं करायला, आणि पाच वाट्यांनी त्यांना तीन-चार सेकंद थोपवायचं. दोन्ही टोकांच्या वाट्या म्हणजे टॅकल. त्यातही डावीकडची अवघड, कारण उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ तिकडे असते. चेंडू तुझ्याकडे कधी येतो, मी विचारलं. कधीच नाही, तो म्हणाला. सतीशला ते ऐकून वाईट वाटलं. मला बरं वाटलं. मी कारखान्यात गुणवत्ता तपासते. आमचं काम नीट झालं तर आम्ही आहोत हेसुद्धा कोणाच्या लक्षात येत नाही.

संघाचा ट्रेनर योर्ग, पन्नाशीचा, गुडघे गेलेला, दाढीवाला. सगळे त्याला एकेरीत हाक मारायचे, मीसुद्धा. त्याने मल्हारच्या हातात एक कागद दिला. आजचं वजन एकशे नऊ. एप्रिलमधल्या पहिल्या सामन्याला एकशे बावीस. दर सोमवारी सकाळी, नाश्त्याआधी वजन करून कळवणे. खाली त्याची सही. कारण त्याने तोंडी सांगितलं: समोर तीस-तीस वर्षांचे बाप्ये येणार, एकशे नऊ किलोच्या पोराला ते दारासारखं ढकलून आत जातील.

मी तो कागद फ्रिजवर लावला. रोज ऑफिसात आकडे वाचणारी बाई मी. आमच्याकडे ड्रॉइंगवर नुसता आकडा कधी नसतो. त्याच्यापुढे किती कमी चालेल, किती जास्त चालेल हे लिहिलेलं असतं. नसेल तर मी ते ड्रॉइंग परत पाठवते. त्या कागदावर तसं काही नव्हतं आणि मी तो परत पाठवला नाही. मला वाटलं, हे अन्नाचं काम आहे. अन्नाचं काम आपल्याला येतं.

डिसेंबरच्या मध्यावर सासूबाई आल्या. सतीश त्यांना आई म्हणतो म्हणून मीही आईच म्हणते. तीन महिन्यांचा व्हिसा, दोन बॅगा, त्यातल्या एकीत कपडे. दुसरीत डिंक, खारीक, अळीव, खसखस, गोडंबी. फोनवर सतीशने त्यांना नातवाचं वजन वाढवायचंय एवढंच सांगितलं होतं. आणि माणसाचं अंग झटपट भरून आणायचा एकच कार्यक्रम त्यांना ठाऊक होता. त्यांनी दोन सुनांची आणि एका लेकीची बाळंतपणं काढली होती. तोच आहार, त्याच वेळा, तेच तूप.

मला हसू आलं होतं. मी म्हटलं, "अहो आई, त्याला मैदानावर उभं राहायचंय."

"बाळंतिणीलाही उभंच राहायचं असतं," त्या म्हणाल्या. "तुला काय एवढ्यात विसर पडला?"

तर सकाळी अळिवाची खीर. नंतर मी मोजून दिलेली पाच अंडी. ती आई नजर वळवून घेत वाढायच्या. दहाला डिंकाचा लाडू. दुपारी वरण, भात, तूप, भाजी, चार पोळ्या. चारला दुसरा लाडू आणि क्वार्क. रात्री पुन्हा पोळ्या, पनीर, पुन्हा तूप. मी ऑफिसातून आले की जिन्यातच वास यायचा: तापलेलं तूप, भाजलेलं खोबरं, त्यात कुठेतरी त्याच्या ओल्या बुटांचा कुबट वास. कढईत डिंक फुलतानाचा तो कुरकुरीत तडतडाट मला अजून आठवतो. बाहेर चारला अंधार, खिडकीच्या काचा आतून घामेजलेल्या, आणि गॅसपाशी आई स्वेटरवर स्वेटर घालून झाऱ्याने डिंक उलटतायत. खारीक कुटायला खलबत्ता नव्हता, म्हणून त्या ती मिक्सरमध्ये घालून मिक्सर दोन्ही हातांनी गच्च दाबून धरायच्या, पळून जाईल म्हणून.

सोमवारी सकाळी साडेसहाला बाथरूमच्या दाराबाहेर आम्ही तिघं. आतून आकडा यायचा. एकशे अकरा पॉइंट दोन. एकशे बारा पॉइंट आठ. मी कागदावर लिहायचे, सतीश मोबाइलवर आलेख काढायचा. आकडा वर गेला की आई पुटपुटायच्या, एवढ्या मोठ्याने नका रे सांगू. एका सोमवारी त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून तव्यावर टाकल्या आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही सुटला की मल्हार टॉवेलवर बाहेर आला. तेवढं एक हसणं सोडलं तर त्या सोमवारांची मला धास्तीच असायची. एखाद्या आठवड्यात दोनशे ग्रॅम कमी भरले की आई जास्त वाढायच्या.

वाढण्याबद्दल एक सांगायला हवं. सतीशच्या घरी पंगतीच्या आग्रहाचे नियम अजून चालतात. पहिला नको हा शिष्टाचार, दुसरा संकोच, तिसऱ्या नकोला पोट खरं बोलतं, आणि तेव्हासुद्धा वाढणाऱ्याने अर्धा डाव वाढायचाच. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी एकदाच नको म्हणून थांबले, ताटावर हात धरला नाही, तर पाचवी पुरणपोळी येऊन पडली. तेव्हापासून मीही शिकले, आणि शिकलेलं पुढे वापरतही गेले. इथे जर्मनीत कोणाकडे जेवायला गेलं की उलट. एकदा नको म्हटलं की भांडं झाकतात. पहिल्या काही वर्षांत आम्ही कितीतरी घरांतून अर्धपोटी परतलो.

मल्हार इथे जन्मला. हे मला माहीत होतं, असं आता म्हणायला काय जातं.

फेब्रुवारीत पहिली तक्रार आली ती वजनकाट्याकडून नाही, खालच्या मजल्यावरच्या फ्राउ वेबरकडून. टॅकलला उलट्या पावली सरकावं लागतं. समोरचा धावत येतो, याने गुडघे वाकवून, ढुंगण खाली ठेवून, बाहेरचा पाय मागे टाकायचा, आतला ओढून घ्यायचा. पुन्हा टाकायचा, पुन्हा ओढायचा. उठायचं नाही, झुकायचं नाही. मल्हार आमच्या लांब पॅसेजमध्ये हे रोज करायचा, दुपारची एक ते तीन ही इथल्या इमारतींची शांततेची वेळ सोडून. त्या शनिवारी इमारतीचा जिना झाडायची पाळी आमच्या घराची होती. फ्राउ वेबर दारात येऊन म्हणाल्या, तुमच्या मुलाचं वजन वाढलंय का हो? जानेवारीत त्याचे पाय मला ऐकूही येत नव्हते. आता दिव्याची काच हलते.

मी माफी मागितली, गालिचा घालते म्हटलं, आणि चिडून वर आले. बाईला काम नाही, छताकडे कान लावून बसते. त्या सोमवारी एकशे एकोणीस भरले होते. आलेख सरळ वर. मला कोणाचं काही ऐकायचं नव्हतं.

पण त्या दिवसापासून मलाही ऐकू यायला लागलं. आधी टप-टप असायचं, मांजर पळावं तसं. आता धप, मग मधे एक रिकामी जागा, मग धप. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना माझं लाटणं त्या रिकाम्या जागेत थांबायचं. पॅसेजच्या टोकाला पोचला की तो भिंतीला हात लावून श्वास घ्यायचा. विचारलं तर म्हणायचा, पास्ट शोन. म्हणजे ठीक आहे, चालेल.

फेब्रुवारीच्या शेवटी मी सराव बघायला गेले. एरवी त्याला नुसती सोडून यायचे. कृत्रिम गवतावर दिवे लागलेले, बारीक गारठा, माणसांच्या तोंडातून वाफा. योर्गने मल्हारसमोर एक सडपातळ पोरगा उभा केला. शिट्टी वाजली आणि तो पोरगा बाहेरून वळसा घालून निघून गेला; मल्हारने हात पुढे केले तेव्हा तिथे कोणी नव्हतं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मल्हार घाईने पुढे झुकला, तर तो आतून गेला. योर्गने मल्हारला बाजूला बोलावून त्याच्या कमरेवर आणि मांडीवर बोटं ठेवून काही दाखवलं. मग माझ्यापाशी येऊन म्हणाला, वजन आलंय, पण पोटावर आलंय. ते खाली, मांड्यांत हवंय. शिवाय क्लबला डॉक्टरांचं खेळायला योग्य असल्याचं पत्र लागतं, तेवढं मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणा. त्यानंतर तो पहिल्या सामन्याची यादी करणार होता. डाव्या टोकासाठी त्याच्याकडे आणखी एक जण होता, हेही त्याने सांगून ठेवलं.

घरी येताना गाडीत मल्हार एवढंच म्हणाला की त्याला ती जागा हवी आहे. हे तो मराठीत म्हणाला नाही, पण त्याचा आवाज मी ओळखते. सहा वर्षं तो त्या जागेसाठी चिखलात लोळला होता. मी म्हटलं, मिळेल. मनात हिशेब चालला होता की अजून तीन किलो कमी आहेत.

आमच्या फॅमिली डॉक्टर फारसं न बोलणाऱ्या. रक्त आधीच दिलं होतं. त्यांनी रक्तदाब घेतला, पाच मिनिटांनी पुन्हा घेतला, मग कागद माझ्याकडे वळवला. रक्तदाब वाढलेला, उपाशीपोटीची साखर सीमेवर. घरात कोणाला मधुमेह? मी सांगितलं, माझ्या सासऱ्यांना चाळिशीत झाला, सतीशला दोन वर्षांपूर्वी. हे सांगताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. पण दोन्ही गोष्टी, म्हणजे सासऱ्यांची इन्सुलिनची पेटी आणि आमच्या फ्रिजमधला लाडवांचा डबा, तीन महिने माझ्याच डोक्यात शेजारीशेजारी होत्या आणि मी त्यांची गाठ पडू दिली नव्हती. खेळाडू आहे, जिरवेल, असं मी धरून चालले होते. मोजल्याशिवाय धरून चालायचं नाही, हे मी कामावर नव्या पोरांना शिकवते.

डॉक्टर म्हणाल्या, आज सही करणार नाही. सहा-सात आठवड्यांनी या. म्हणजे पहिला सामना गेला, कदाचित दुसराही. मल्हारने मान खाली घातली. एवढा मोठा मुलगा त्या छोट्या खुर्चीत, गुडघे टेबलाला लागलेले.

मग त्यांनी त्याला विचारलं, "तुला स्वतःला कुठल्या वजनाला बरं वाटत होतं?"

तो क्षणभरही थांबला नाही. "एकशे तेरा."

"हे कधीचं?"

"जानेवारी. तिसरा आठवडा. तेव्हा माझे पाय सगळ्यांत वेगात होते."

मी जर्मनमध्येच बोलले, डॉक्टरांसमोर मराठीत बोलणं बरं दिसत नाही म्हणून. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"एकदा. जेवताना."

खरंच सांगितलं होतं. परत येताना ट्रामच्या थांब्यावर उभी असताना मला ते जेवण आठवलं, ताटासकट. मेथीची भाजी होती. त्याने पोळी संपवली, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, आता बास, आता बरोबर वाटतंय, अजून नको. जर्मनमध्ये, शांतपणे, आमच्याकडे बघत. आईंना मी भाषांतर करून सांगितलं, नको म्हणतोय. त्या म्हणाल्या, म्हणू दे. आणि मी पोळी वाढली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाल्ली. पुन्हा काही म्हणाला नाही. त्याच्या हिशेबाने तो बोलून झाला होता, आणि आमच्या हिशेबाने अजून दोन नको बाकी होते.

घरी आल्यावर आईंना सांगावं लागलं. मी फिरवून सांगत नाही कधी. रिपोर्ट वाचून दाखवला. त्या बराच वेळ ओट्याचा कडप्पा, म्हणजे इथला प्लास्टिकचा ओटा, पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या हातचं खाऊन पोराला रोग लागला, असंच ना?"

"तुम्ही केलंत, मी वाढलं," मी म्हटलं. "आणि कागद फ्रिजवर मी लावलाय."

त्यांना ते पुरलं नाही. सतीश समजूत घालायला गेला तर त्याला म्हणाल्या, तू आधी तुझी साखर बघ. आठवड्याने त्या गेल्या. विमानतळावर मल्हारने वाकून नमस्कार केला, त्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला, पण जाताना दरवेळी म्हणतात ते नीट जेवत जा हे त्या म्हणाल्या नाहीत. बॅगेत जागा असूनही उरलेला डिंक त्यांनी इथेच ठेवला.

मी योर्गकडे गेले आणि नोव्हेंबरात विचारायचा प्रश्न मार्चमध्ये विचारला: एकशे बावीस म्हणजे किती ते किती? त्याला प्रश्नच कळेना. मग कळलं तेव्हा तो दाढी खाजवत म्हणाला की तो आकडा गेल्या वर्षीच्या डाव्या टॅकलचा होता. बत्तीस वर्षांचा, छपरं बांधणारा माणूस. दिशा कळावी म्हणून लिहिला होता. मला राग यायला हवा होता, पण कोणाचा? त्याने आकडा लिहिला, आम्ही तो पाळला. ज्याच्या अंगावर तो चढवायचा होता त्याला दोघांनीही विचारलं नव्हतं. मल्हार एकशे तेरा-चौदाला खेळेल, मी म्हटलं. योर्ग म्हणाला, चालेल, पण मग त्याला सगळ्यांपेक्षा खाली बसावं लागेल. उभा राहिला की ते त्याला फेकणाऱ्याच्या मांडीवर नेऊन बसवतील. जागेबद्दल त्याने काही कबूल केलं नाही.

मार्च-एप्रिल मला नीटसे आठवत नाहीत. घर शांत होतं. तुपाचा वास पडद्यांतून हळूहळू गेला. मल्हार आपलं ताट आपण वाढून घ्यायचा: डाळ, अंडी, क्वार्क, दोन पोळ्या, ढीगभर कोशिंबीर. मी समोर बसायचे आणि हात मांडीवर ठेवायचे. हे सोपं नव्हतं. डाव हातात नसला की जेवणाच्या टेबलावर आईने काय करायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. तो जड बार खांद्यावर घेऊन बैठका मारायचा, आठवड्यातून तीनदा, आणि जिना उतरताना कठड्याला धरायचा. सोमवारचं वजन त्याने स्वतः करायला सुरुवात केली. आकडा मला सांगायचा नाही. मी विचारला नाही. एका सकाळी पॅसेजमधून काहीच आवाज येईना म्हणून घाबरून बाहेर आले, तर तो तिथेच होता, वाकलेला, मागे मागे सरकत.

डॉक्टरांनी एप्रिल संपताना सही केली. पहिला सामना तोवर झाला होता, दुसऱ्यात तो बाकावर होता. तिसरा मेमध्ये, घरच्या मैदानावर. तिसऱ्या भागात आमच्या डाव्या टॅकलचा घोटा मुरगळला आणि योर्गने बोट दाखवलं.

त्याच्यासमोर जो माणूस आला त्याची मान माझ्या मांडीएवढी होती. मी चेंडू बघितलाच नाही. तो कुठे गेला, कोणी टाळ्या वाजवल्या, काही माहीत नाही. मी फक्त पाय बघत होते. पहिल्याच वेळी त्या माणसाने मल्हारला छातीत धरून दोन पावलं मागे नेलं. सतीशने माझा दंड धरला, इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ होता. दुसऱ्यांदा एक पाऊल. तिसऱ्यांदा मल्हार बसला. अगदी खाली, खुर्चीत बसावं तसा. तो माणूस आदळला आणि थांबला. पुन्हा आदळला, पुन्हा थांबला. मग त्याने बाहेरून वळसा घालायचं ठरवलं, आणि मल्हारचे पाय त्याच्याआधी तिथे होते.

सामना आम्ही अकरा गुणांनी हरलो. आम्ही गाडीने घरी निघालो. मल्हारच्या हनुवटीला खरचटलं होतं आणि त्याच्या अंगाला गवताखालच्या रबराचा वास येत होता. तेवढ्यात पुण्याहून आईंचा फोन. गेल्यापासून त्या सतीशशीच बोलायच्या, माझ्याशी मोजकं, मल्हारशी नाहीच. सतीश गाडी चालवत होता म्हणून मी फोन घेतला, स्पीकरवर टाकला. जिंकलात का, त्यांनी विचारलं. नाही, मी म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "वजन कमी पडलं असेल."

मी काही बोलायच्या आत मागच्या सीटवरून मल्हारचा हात आला आणि त्याने फोन घेतला. तो मराठीत बोलला. शब्द शोधत, एकेक ठेवत.

"आजी, मी हललो नाही. तो खूप मोठा माणूस होता. पण त्याने मला हलवलं नाही."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग आईंनी विचारलं, "जेवलास?"

"हो. पोटभर."

मी पुढच्या आग्रहाची वाट बघत बसले. सतीशसुद्धा आरशातून मागे बघत होता. आई म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला.